बघणारी बाई

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



मला विषय दिला होता 'बायका आणि मोबाईल'. मी हो म्हटलं आणि मग या विषयावर एरवी काय बोललं जातं ते आठवत बसले. फसवणूक, धमक्या, मॉर्फ केलेले फोटो, मुली बिघडतात म्हणून काही गावांनी घातलेली बंदी. हे सगळं खरं आहे. त्यावर माझ्यानंतर बोलणाऱ्या वकील मैत्रीण माझ्यापेक्षा नेमकं बोलतील. मी मात्र पिशवीतून काही फोटो आणले आहेत. चार बाय सहाचे, साध्या स्टुडिओतून छापून घेतलेले. एक मांजर आहे, दोरीवर वाळणाऱ्या साड्या आहेत, एक चिमणी आहे, अंगणातली रांगोळी आहे. हे बघून तुम्हाला वाटेल, यासाठी हिला एवढ्या लांबून बोलावलं? मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी सोलापुरात विडी कामगार बायकांच्या वस्तीत काम करते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पानं घरी आणायची, भिजवायची, कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि कारखान्यात नेऊन द्यायची. तिथे तपासणारा हवी ती ठेवतो, नको ती काढून टाकतो. मजुरी हजार विड्यांवर. वस्तीतल्या पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. त्यांचे आजे-पणजे मागावर काम करायला इकडे आले. त्यामुळे काहीजणी मला ताई म्हणतात, काहीजणी अक्का.

बाईच्या आयुष्यात तिचे फोटो किती निघतात, हे तुम्ही कधी मोजलंय? आमच्या बैठकीत आम्ही मोजले. एक दाखवायचा. स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा, हात खुर्चीच्या पाठीवर, नजर खाली. मग लग्नाचा अल्बम. मग आधार आणि रेशनकार्ड. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली, म्हणून तो एक फोटो वाढला. धान्यावरचा तिचा ताबा त्यानं वाढला का, हा वेगळा विषय. आणि शेवटचा, हार घातलेला. तो बहुतेक वेळा लग्नातल्याच एखाद्या फोटोतून कापून मोठा केलेला असतो, म्हणून साठ वर्षांची बाई भिंतीवर बावीस वर्षांची दिसते. यातला एकही फोटो तिनं काढलेला नाही. कधी काढायचा, कोणाला पाठवायचा, कुठे लावायचा, हेही तिनं ठरवलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या घरी कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल पडायचा. वडील फोटो काढायचे, भाऊ आठवीत गेल्यावर त्यालाही शिकवलं. आईनं एकदा मागितला तेव्हा वडील म्हणाले, ''अगं, रोल वाया जाईल.'' ते रागावून म्हणाले नव्हते, अगदी सहज म्हणाले. आईनंही परत मागितला नाही. हे 'वाया जाईल' माझ्या डोक्यात राहिलं आहे. आता रोल नाही, फोटो वाया जाण्याचा प्रश्न नाही. तरीही वस्तीत बाईच्या हातात फोन दिसला की घरचे म्हणतात, ''काय टाईमपास चाललाय?'' पूर्वी रोल वाया जायचा, आता तिचा वेळ वाया जातो. आणि हा वेळ असतो तरी किती? २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं निघालं की घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. आमच्या बायकांच्या विड्या यात धरलेल्या नाहीत, त्या वेगळ्या.

आता हे फोटो कसे सुरू झाले ते सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'फोटोव्हॉइस' नावाची एक पद्धत शिकवली होती. कॅरोलाइन वाँग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात शेतकरी बायकांच्या हातात कॅमेरे दिले. साठाहून जास्त बायका होत्या, आणि पुष्कळजणींनी कॅमेरा पहिल्यांदाच हातात धरला होता. त्यांनी आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले, एकत्र बसून त्यांवर बोलल्या आणि ते फोटो अधिकाऱ्यांपुढे मांडले. आई राबत असताना शेतात एकटं पडलेलं मूल त्या फोटोंत होतं. संशोधक किंवा अधिकारी येऊन बायकांचे प्रश्न ठरवतात, त्याऐवजी बायकाच आपल्या नजरेनं दाखवतील, ही त्यामागची कल्पना. मला ती फार आवडली होती. अजूनही आवडते.

तर मी शनिवारच्या बैठकीत सांगितलं की प्रत्येकीनं आपल्या वस्तीतल्या अडचणीचा एक फोटो काढून आणायचा. पुढच्या शनिवारी तीन फोटो आले. तिन्ही एकाच गटाराचे. बाकीच्यांनी 'राहिलं की ओ ताई' म्हणून हात झटकले. आम्ही गटारावर पंधरा मिनिटं बोललो, सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच पुन्हा बोललो. मी निराश झाले. बैठक मोडत आली तेव्हा मागे बसलेली एक मावशी शेजारणीला फोनवर काहीतरी दाखवत होती आणि दोघी हसत होत्या. मी म्हटलं, काय ते सगळ्यांना दाखवा. सुपात मांजर झोपलं होतं. तंबाखूच्या सुपात, कापलेल्या पानांवर, पोट वर करून. फोन हातोहात फिरला. ''माझ्याकडं बी असंच बसतंय बगा,'' ''ह्याला कारखान्यात न्या, ह्यो तरी पास करंल का,'' असं सुरू झालं. कारखान्यातल्या तपासणीबद्दल, किती विड्या काढून टाकल्या जातात, त्या टाकलेल्या विड्यांचं पुढे काय होतं, यावर त्या दिवशी जेवढं मोकळं बोलणं झालं तेवढं मी प्रश्नावली घेऊन गेले तेव्हा कधी झालं नव्हतं.

पण मांजराचा फोटो 'उपयोगी' पडला म्हणून चांगला, असं मला म्हणायचं नाही. तो मोह मला तेव्हा झाला होता, आणि आपल्याला सगळ्यांना होतो. बाईनं काहीही केलं की आपण विचारतो, यातून सक्षमीकरण झालं का? सासू विचारते, यातून घराला काय मिळालं? मला हल्ली या दोन प्रश्नांत फार अंतर वाटत नाही. त्या मावशीनं तो फोटो मांजर गोड दिसलं म्हणून काढला. वळता वळता हात थांबवला, फोन घेतला, काढला आणि परत वळायला लागली. पाच-सहा विड्या कमी झाल्या असतील.

मग आम्ही ठरवलं, शनिवारी शेवटची वीस मिनिटं फोटोंची. अट एकच. कामाचा नको, कार्यक्रमाचा नको, आपल्याला दिसला म्हणून काढलेला हवा. सतराजणींपैकी नऊजणींचा स्वतःचा फोन होता. बाकीच्यांना मुलाचा किंवा नवऱ्याचा. देशाचं चित्रही काही वेगळं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या बायका शंभरात चौपन्न होत्या. मुलाच्या फोनमधला फोटो आईचा राहत नाही. जागा भरली की तो आधी आईचे फोटो पुसतो. म्हणून आम्ही आवडलेले फोटो छापून घ्यायला लागलो आणि केंद्रात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागलो. पिशवीतले हे फोटो त्या डब्यातले.

एक अक्का रोज पहाटे दारात मुग्गू काढते. मुग्गू म्हणजे तेलुगू घरातली ठिपक्यांची रांगोळी. संक्रांतीच्या आधीचा महिनाभर ती मोठी काढतात. दहा वाजेपर्यंत स्कूटरी जाऊन ती पुसली जाते. ती म्हणाली, आईकडून आलेले काही नमुने तिला आता आठवत नाहीत, कारण काढले आणि पुसले गेले. आता ती रोज एक फोटो घेते. शंभराच्या वर झालेत. एकदा मी एक फोटो मोठा करून बघितला आणि म्हटलं, अक्का, मागे गटार तुंबलेलं दिसतंय, आपण हा फोटो अर्जाला जोडू या. ती म्हणाली, ''अक्का, तुम्ही गटारच बगा!'' सगळ्या हसल्या. अर्ज नंतर केला, वेगळा फोटो काढून.

दुसरी एकजण सापडलेल्या वस्तूंचे फोटो आणते. रस्त्यात पडलेलं एकच पैंजण, पत्र्याच्या कडेला अडकलेला पतंग, कोणाच्या तरी चपलेत उगवलेलं चिंचेचं रोप. ही बाई बैठकीत कधी तोंड उघडत नसे. ती चालताना खाली बघते, कारण लहानपणापासून तिला खाली मान घालून चालायला शिकवलंय. आणि खाली बघूनच तिला एवढं सापडतं. तिला शिकवणाऱ्यांना हे सांगायला हवं.

आणि एकीनं सांगितलं, चिमणीचा फोटो आणलाय. मी त्यात पक्षी शोधत राहिले. ती साखर कारखान्याची चिमणी होती, संध्याकाळच्या आभाळात, गच्चीवरून घेतलेली. श्री सिद्धेश्वर कारखान्याची ही चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडली. तिच्यावरून शहरात किती वर्षं वाद चालला ते सोलापूरकरांना ठाऊक आहे. या बाईला त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला कपडे काढायला गच्चीवर गेल्यावर ती दिसायची, एवढंच. चिमणी पडल्यावर गल्लीतले पुरुष तिच्याकडे फोटो मागायला आले. त्यांना वाटत होतं, ती कायमच राहणार, तिचा फोटो कशाला काढायचा?

मी या बायकांना होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितलं होतं. १९१३मध्ये नवसारीला जन्मल्या, मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, हे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण त्यांची सुरुवात झाली ती मुंबईतल्या साध्या गोष्टींपासून, बायकांच्या सहलीसारख्या. आणि सुरुवातीचे त्यांचे कितीतरी फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले. आमच्या बैठकीत यावर एकजण पटकन म्हणाली, ''मग काय, विड्या आमी वळतो, पुस्तकावर नाव सासूचं.'' मजुरीच्या पुस्तकावर एकीचं नाव आणि काम दोघी-तिघींचं, हे आमच्याकडे नवीन नाही.

बंगाली जुळ्या बहिणी मनोबिना रॉय आणि देबलिना मजुमदार यांचीही गोष्ट सांगितली. दोघींचा जन्म १९१९चा. वडिलांनी लहानपणीच दोघींना कॅमेरे दिले आणि त्या आयुष्यभर हौस म्हणून घरातली माणसं, रस्ता, प्रवास टिपत राहिल्या. मनोबिना म्हणजे चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी. 'हौस' या शब्दावर आम्ही थोडं थांबलो. वडिलांनी कॅमेरा दिला हे भाग्य. आमच्या बायकांना हौस म्हटलं की दागिना किंवा लेकीचं लग्न आठवतं.

आता जे अवघड आहे ते सांगते.

पदवी घेऊन मी नुकतीच कामाला लागले होते. ज्या संस्थेत होते तिथे शिवणवर्गाला एक बाई यायची, नवऱ्याची मारहाण सोसून घर सोडून आलेली. मी तिचा मशीनवर वाकलेला फोटो काढला. छान आला होता. ''काढू ना?'' असं विचारलं, ती हसली, मी ती परवानगी धरली. कशासाठी, कुठे छापणार, हे मी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. फोटो संस्थेच्या पत्रकावर आला. पत्रक कुठल्याशा कार्यक्रमात वाटलं गेलं आणि फिरत फिरत तिच्या सासरच्या गावी पोचलं. एका दुपारी नवरा वर्गाच्या दारात उभा. त्या दिवशी आम्ही पाच-सहाजणी होतो म्हणून निभावलं. पण तिला ते शहर सोडावं लागलं, वर्ग सुटला, आणि पुढे ती कुठे गेली ते मला माहीत नाही. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. त्या वर्षीच्या अहवालात तोच फोटो पुन्हा छापला होता, मुखपृष्ठावर. आपल्या चळवळीच्या कपाटांत असे किती फोटो पडून आहेत, याचा आपण कधी हिशेब घेतलाय का?

एवढं होऊनही आमच्या शनिवारच्या गटात तसंच घडलं. मी सावध असायला हवं होतं. चौघीजणी गच्चीवर बोरं खात बसल्या होत्या. एकीनं फोटो काढला. चौघी खिदळतायत, एकीचा पदर वाऱ्यानं उडालाय. सुंदर फोटो आहे. बैठकीत सगळ्यांनी बघितला. काढणारीनं तो रात्री आपल्या स्टेटसला लावला, केवळ आनंदानं. त्या चौघींतल्या एकीच्या पुतण्यानं तो बघितला, काकाला दाखवला. ''घरात वळायला वेळ मिळत नाही म्हणती आणि हे बगा.'' फोन काढून घेतला. ती तीन आठवडे बैठकीला आली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा सासूनं चहा दिला आणि सून घरात नाही म्हणून सांगितलं. आतून कात्रीचा आवाज येत होता.

या फोटोत गैर काहीच नव्हतं. चोरून खासगी क्षणाचा फोटो काढला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई आहे. फोटो बिघडवून धमकावलं तर ते पुसून टाकू नका, जपून ठेवा आणि कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार द्या. हद्द आमची नाही हे कारण त्यांना सांगता येत नाही. पण बाई हसताना दिसली, याला कलम नाही. तो गुन्हा घरातल्या कायद्यातला आहे.

ज्या बाईनं स्टेटस लावलं ती रडून रडून थकली. तिला दोष देऊन काही होणार नव्हतं. मग आम्ही दोन शनिवार फक्त यावरच बोललो. मी नियम लिहून नेले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. चेहरा असेल तर खोलीबाहेर जायच्या आधी जिचा चेहरा तिला विचारायचं, हे सगळ्यांनाच पटलं. एकीनं भर घातली की बैठकीत दाखवायला हो म्हटलं म्हणजे स्टेटसला हो झालं नाही, आणि आज हो म्हटलं म्हणजे दिवाळीलाही हो असं नाही. दुसरी म्हणाली, नाही म्हणणारीनं कारण सांगायची गरज नाही; कारण विचारायला घरचे आहेत की. पोरांच्या शाळेचा गणवेश दिसत असेल तर तो फोटो बाहेर नको, हे एका आईनं सुचवलं. तिच्या मुलीच्या मागे एकजण शाळेपर्यंत येत असे. भांडण झालं ते कोणत्या मुद्द्यावर? चेहरेच नकोत, असं एक गट म्हणू लागला. वस्तूंचे काढा, मांजराचे काढा, बायांचे नकोच. मुग्गूवाली अक्का त्यावर उसळली. ''मग आमी दिसायचंच न्हाई का?'' हा वाद मिटलेला नाही. मीही दोन्ही बाजूंनी विचार करते आणि मला ठरवता येत नाही. ज्या बाईचा फोन गेला तिचं नुकसान मी बघितलंय, आणि बायांनी आपले हसरे चेहरे स्वतःच डब्यात बंद करून ठेवावेत हेही मला सोसत नाही.

ती आता परत यायला लागली आहे. फोन नाही. शेजारणीचा फोन मागून घेते आणि फोटो काढते. तिनं आणलेला पहिला फोटो तिच्या सासूच्या हातांचा होता. विडी बांधताना बोटाला गुंडाळलेला दोरा, वाकडी झालेली नखं. सासूला विचारून काढला होता. सासूनं म्हणे आधी विचारलं, ''हातात काय हाय बगायला?'' आणि मग बांगड्या मागे सारून हात नीट पुढे धरले.

हे फोटो मी आता तुमच्यात फिरवते. हाताला पाणी असेल तर पुसून घ्या. मांजर, साड्या, मुग्गू, चिमणी, पैंजण यांना कोणाची हरकत नाही. सासूच्या हातांचा फोटो दाखवायला तिनं होकार दिलाय, छापायला नाही. म्हणून या भाषणाबरोबर अंकात तो येणार नाही. चौघींचा बोरं खातानाचा फोटो मी आणलेला नाही. तिघींनी हो म्हटलं होतं.